इंग्रजीतील ‘क्रियापद – कर्मसर्वनाम – क्रियापद’ ही रचना : मराठी अभ्यासकाच्या दृष्टीने काही विचार

1. प्रास्ताविक

अंबरनाथ, उल्हासनगर आणि बदलापूर हा मध्य रेल्वेच्या मार्गावरील पट्टा भाषेच्या अभ्यासकाला फार सोयीचा आहे. येथे मराठी ही भूमीची भाषा होय. 1947 च्या फाळणीनंतर सिंधी कुटुंबे कल्याणच्या लष्करी छावणीत आली, तिचे 1949 साली उल्हासनगर झाले आणि सिंधी भाषा या परिसरात रुजली. कारखान्यांच्या निमित्ताने हिंदी व दक्षिणेकडील भाषा आल्या. आणि कचेरीतील अर्ज, यंत्रावरील सूचना व महाविद्यालयातील प्रश्नपत्रिका यांच्या रूपाने इंग्रजी सर्वांच्या डोक्यावर येऊन बसली. अशा ठिकाणी इंग्रजी शिकविणाऱ्याच्या कानांवर काही वाक्ये वर्षानुवर्षे त्याच स्वरूपात येत राहतात. ‘ही मेड मी टु वेट’, ‘आय वाँट दॅट ही शुड कम’, ‘ही सजेस्टेड मी टु गो’, ‘ही सेड मी टु सिट’ ही त्यांतील नेहमीची.

ही वाक्ये अशुद्ध आहेत, एवढे सांगून त्यांखाली तांबडी रेघ ओढणे सोपे आहे. परंतु एकच चूक शेकडो विद्यार्थी एकमेकांना न विचारता करीत असतील, तर तिच्यामागे अज्ञान नसून एखादा नियम असला पाहिजे. तो नियम बहुधा मातृभाषेचा असतो. प्रस्तुत लेखात या चारही वाक्यांच्या मुळाशी असलेल्या एका इंग्रजी रचनेचा विचार करावयाचा आहे. त्या रचनेत प्रथम एक क्रियापद येते, नंतर कर्माच्या रूपातील सर्वनाम येते आणि त्यानंतर दुसरे क्रियापद येते. हे दुसरे क्रियापद कधी केवळ धातुरूपात असते, कधी त्याच्यामागे ‘टु’ असतो, कधी त्याला ‘इंग’ प्रत्यय लागतो, तर कधी ते भूतकालवाचक धातुसाधित असते. ‘लेट हिम गो’, ‘टेल हिम टु गो’, ‘सी हिम गोइंग’ आणि ‘हॅव इट डन’ ही चार उदाहरणे वाचकाने मनात धरावीत.

सर्वनामच का निवडावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे, की आधुनिक इंग्रजीत नामाला कर्त्याचे व कर्माचे निराळे रूप उरलेले नाही. ‘राम’ हा शब्द कर्ता असो की कर्म असो, ‘राम’च राहतो. ‘ही’ आणि ‘हिम’ हा भेद मात्र सर्वनामांत टिकून आहे. म्हणून मधले पद पहिल्या क्रियापदाच्या ताब्यात आहे की दुसऱ्याच्या, हे पाहावयाचे असेल तर तेथे सर्वनाम घालून पाहावे. ‘आय नो ही केम’ आणि ‘आय सॉ हिम कम’ या दोन वाक्यांतील अंतर सर्वनामामुळेच उघडे पडते.

2. ‘हिम’ आणि ‘त्याला’, ‘टु’ आणि ‘ला’

प्रथम दोन्ही भाषांतील साम्य पाहू. कारण साम्य लक्षात आले म्हणजे भेद कोठे सुरू होतो ते नेमके दाखविता येते.

प्राचीन इंग्रजीत ‘त्याला’ या अर्थी दोन रूपे होती. ‘हिने’ हे द्वितीयेचे व ‘हिम’ हे चतुर्थीचे. पुढे ‘हिने’ लुप्त झाले आणि ‘हिम’ या एकाच रूपावर दोन्ही विभक्तींचा भार पडला. मराठीतही ‘त्याला’ हे रूप ‘मी त्याला पाहिले’ येथे कर्म दाखविते आणि ‘मी त्याला पुस्तक दिले’ येथे संप्रदान दाखविते. म्हणजे ‘हिम’ आणि ‘त्याला’ ही दोन्ही रूपे दुहेरी कामाची आहेत.

दुसरे साम्य याहून मनोरंजक आहे. इंग्रजी क्रियापदामागे येणारा ‘टु’ हा मूळचा शब्दयोगी होय. प्राचीन इंग्रजीत तो क्रियावाचक नामाच्या चतुर्थीसदृश रूपामागे येई आणि बहुधा हेतू दाखवी. आपल्या ‘जायला’, ‘करायला’, ‘बसायला’ या रूपांची, व ‘जावयास’, ‘करावयास’ या ग्रांथिक रूपांची, घडण अशीच आहे. धातुसाधित नामाला ‘ला’ किंवा ‘स’ लागून ती बनली आहेत. तेव्हा ‘आय टोल्ड हिम टु गो’ आणि ‘मी त्याला जायला सांगितले’ ही वाक्ये शब्दक्रमात उलटसुलट असली तरी त्यांचा सांगाडा एक आहे. ज्याला सांगितले तो चतुर्थीत आहे आणि ज्यासाठी सांगितले ती क्रियाही चतुर्थीत आहे. ‘टेल’, ‘आस्क’, ‘ऑर्डर’, ‘फोर्स’, ‘टीच’ या क्रियापदांच्या बाबतीत मराठी विद्यार्थ्याची चूक सहसा होत नाही याचे कारण हेच.

चूक सुरू होते ती येथून पुढे. ‘आयला’ म्हणजे ‘टु’ हे समीकरण विद्यार्थ्याच्या मनात पक्के बसते. मग ‘मला थांबायला लावले’ याचे भाषांतर तो ‘मेड मी टु वेट’ असे करतो. त्याच्या दृष्टीने ‘सांगितले’ आणि ‘लावले’ यांत रचनेचा काहीच भेद नाही. आणि मराठीत तो खरोखरच नाही.

गंमत अशी, की इंग्रजीतही तो पूर्वी इतका काटेकोर नव्हता. 1611 च्या इंग्रजी बायबलाच्या भाषेत ‘मेक’नंतर सर्वनाम येऊन पुढे ‘टु’ आलेला आढळतो. आजच्या इंग्रजीतही कर्मणी रचनेत तो ‘टु’ जिवंत आहे. ‘दे मेड हिम वेट’ असे म्हणणारा इंग्रज ‘ही वॉज मेड टु वेट’ असेच म्हणतो. दर्शनवाचक क्रियापदांचेही तसेच. ‘दे सॉ हिम कम’, परंतु ‘ही वॉज सीन टु कम’. म्हणून विद्यार्थ्याचे ‘मेड मी टु वेट’ हे वाक्य तर्कदुष्ट नाही. रूढीने टाकून दिलेली वाट त्याने पुन्हा धरली आहे, एवढेच. शिक्षकाने हे सांगितले तर नियम लक्षात राहतो. ‘मेक’, ‘लेट’, ‘हॅव’ ही तीन क्रियापदे आणि ‘सी’, ‘हिअर’, ‘वॉच’, ‘फील’ ही इंद्रियज्ञानवाचक क्रियापदे कर्तरी रचनेत ‘टु’ घेत नाहीत. ‘हेल्प’ दोन्ही प्रकारे चालते. नियमाची यादी इतकी लहान आहे.

3. करविणे, करायला लावणे, करू देणे

अंबरनाथचे शिवालय शिलाहार राजा माम्वाणी याच्या काळातील असून तेथील शिलालेख शके 982 (इ. स. 1060) चा आहे. असे मंदिर ‘राजाने बांधले’ असे आपण सहज म्हणतो. वस्तुतः राजाने ते बांधविले. बांधले ते पाथरवटांनी. श्रवणबेळगोळ येथील सुप्रसिद्ध प्राचीन मराठी लेखातील क्रियापद ‘करवियलें’ असे प्रयोजकच आहे. म्हणजे मराठीच्या अगदी आरंभीच्या लेखी पुराव्यांतच कर्ता व करविता यांतील भेद एका प्रत्ययाने दाखविलेला आढळतो.

इंग्रजीत असा चालता प्रत्यय नाही. ‘सिट’ व ‘सेट’, ‘फॉल’ व ‘फेल’, ‘राइज’ व ‘रेझ’ या जोड्यांत जुन्या प्रयोजक रूपांचे अवशेष दिसतात. पण नव्या धातूचे प्रयोजक रूप करण्याची शक्ती त्या पद्धतीत उरली नाही. ते काम स्वतंत्र क्रियापदांकडे गेले आणि त्यातूनच ‘मेक हिम गो’, ‘हॅव हिम गो’, ‘गेट हिम टु गो’, ‘लेट हिम गो’ ही चौकडी उभी राहिली. त्यांत छटांचा भेद आहे. ‘मेक’मध्ये सक्ती आहे, ‘हॅव’मध्ये अधिकार किंवा व्यवस्था आहे, ‘गेट’मध्ये खटपट अथवा मनधरणी आहे, ‘लेट’मध्ये अडथळा न करणे आहे.

मराठीने या छटांची वाटणी आपल्या पद्धतीने केली आहे. सक्तीला ‘आयला लावणे’, मोकळीक देण्याला ‘ऊ देणे’, आणि दुसऱ्याच्या हातून काम पार पाडण्याला ‘कडून करवून घेणे’. ‘शिक्षकाने मुलाला निबंध लिहायला लावला’ आणि ‘शिक्षकाने मुलाकडून निबंध लिहवून घेतला’ यांत फरक आहे. पहिल्यात मुलावर आलेला दाब पुढे आहे. दुसऱ्यात निबंध पूर्ण झाल्याची निश्चिती पुढे आहे. म्हणून पहिल्याला ‘मेक’ जवळचे आणि दुसऱ्याला ‘हॅव’ किंवा ‘गेट’ जवळचे.

साध्या प्रयोजक रूपाची गोष्ट आणखी वेगळी. ‘आईने मुलाला बसविले’ यात आईचे हात मुलाला लागले असण्याचा संभव आहे. ‘आईने मुलाला बसायला लावले’ यात आईचा शब्द पुरेसा आहे. ‘मेक हिम सिट’ हे दुसऱ्या वाक्याचे भाषांतर होय, पहिल्याचे नव्हे. प्रत्ययाने होणारे प्रयोजन प्रत्यक्ष असते आणि स्वतंत्र क्रियापदाने होणारे दूरचे असते, हे निरीक्षण जगातील पुष्कळ भाषांना लागू पडते.

येथे पाणिनीची आठवण होणे अपरिहार्य आहे. मूळ क्रियेचा कर्ता प्रयोजक रचनेत केव्हा कर्म होतो, याचा नियम ‘अष्टाध्यायी’तील 1.4.52 या सूत्रात दिला आहे. गती, बोध, भक्षण या अर्थांचे धातू, शब्द हे ज्यांचे कर्म आहे असे धातू आणि अकर्मक धातू यांचाच कर्ता कर्म होतो; इतरत्र तो सामान्यतः तृतीयेत राहतो. म्हणून ‘देवदत्तं गमयति’, परंतु ‘देवदत्तेन पाचयति’. मराठीत ही विभागणी बऱ्याच अंशी अजून टिकून आहे. ‘मुलाला निजविले’, ‘मुलाला शिकविले’, ‘मुलाला भरविले’ येथे ‘ला’ येतो. पण ‘गवंड्याकडून भिंत बांधविली’, ‘आचाऱ्याकडून स्वयंपाक करविला’ येथे ‘कडून’ येतो. इंग्रजी मात्र हा भेद पाळीत नाही. धातू कोणताही असो, ‘मेक हिम’ म्हटले की भागले. मराठी विद्यार्थी ‘हॅव द वॉल बिल्ट बाय हिम’ असे लिहितो आणि ‘हॅव हिम बिल्ड द वॉल’ ही रचना त्याला सहसा सुचत नाही. ‘कडून’ म्हणजे ‘बाय’ हे त्याच्या मनातील समीकरण त्याला कर्मणी धातुसाधिताकडे नेते. हे वाक्य अशुद्ध नाही. पण इंग्रजीतील अर्धी वाट न वापरताच राहते.

4. मधले सर्वनाम कोणाचे?

आता या विषयाच्या गाभ्याशी येऊ. पुढील तीन वाक्ये वरवर सारखी दिसतात.

(अ) आय पर्सुएडेड हिम टु कम.
(आ) आय एक्स्पेक्टेड हिम टु कम.
(इ) आय प्रॉमिस्ड हिम टु कम.

पहिल्यात मी त्याचे मन वळविले आणि येणाराही तोच. ‘हिम’ हे अर्थाच्या दृष्टीने दोन्ही क्रियापदांचे देणे लागते. दुसऱ्यात मी ‘त्याची’ अपेक्षा केली नाही. ‘त्याच्या येण्याची’ केली. येथे ‘हिम’ हे रूपाने पहिल्या क्रियापदाचे, परंतु अर्थाने केवळ दुसऱ्याचे आहे. तिसऱ्यात वचन त्याला दिले, पण येणार मी. येथे ‘हिम’ अर्थाने केवळ पहिल्याचे आहे.

हा भेद केवळ भावनेवर सोडण्याचे कारण नाही. त्याला कसोट्या आहेत. पहिली कसोटी प्रयोग बदलण्याची. ‘आय एक्स्पेक्टेड द डॉक्टर टु एक्झामिन हिम’ आणि ‘आय एक्स्पेक्टेड हिम टु बी एक्झामिन्ड बाय द डॉक्टर’ या दोन वाक्यांचा अर्थ एकच. पण ‘एक्स्पेक्टेड’च्या जागी ‘पर्सुएडेड’ घातले तर एका वाक्यात डॉक्टरचे मन वळविले जाते आणि दुसऱ्यात रोग्याचे. दुसरी कसोटी निरर्थक सर्वनामाची. ‘आय एक्स्पेक्टेड इट टु रेन’ हे वाक्य चालते. ‘आय पर्सुएडेड इट टु रेन’ हे चालत नाही, कारण पावसाच्या वाक्यातील ‘इट’ला मनच नाही, तर ते वळविणार कोण? 1967 साली रोझेनबाउम यांनी इंग्रजीतील विधेयपूरक रचनांवर लिहिलेल्या ग्रंथापासून अशा कसोट्या वाक्यविचारात रूढ झाल्या. दुसऱ्या प्रकारातील सर्वनाम आतल्या वाक्यातून उचलून बाहेरच्या वाक्यात आणले जाते, ही कल्पना पोस्टल यांनी 1974 मध्ये विस्ताराने मांडली. चॉम्स्की यांनी मात्र ते सर्वनाम आतच राहते, केवळ त्याची विभक्ती बाहेरून येते, असे प्रतिपादिले. त्याच्याही आधी येस्पर्सन यांनी 1924 च्या ‘फिलॉसफी ऑफ ग्रामर’मध्ये कर्ता व विधेय यांच्या संबंधाला ‘नेक्सस’ असे नाव देऊन, सर्वनाम व दुसरे क्रियापद ही दोन्ही मिळून पहिल्या क्रियापदाचे एकच कर्म होते, असे सुचविले होते. परिभाषा निराळ्या असल्या तरी प्रश्न एकच आहे: मधले सर्वनाम कोणाचे?

या प्रश्नाचे मराठीने दिलेले उत्तर मोठे स्वच्छ आहे. ‘मी त्याचे यायला मन वळविले’ किंवा ‘मी त्याला यायला राजी केले’ येथे तो बाहेरच्या क्रियापदाशी जोडला आहे. ‘त्याने यावे अशी माझी अपेक्षा होती’ येथे ‘त्याने’ हे रूप सरळ ‘यावे’ याच्याच पदरी राहिले आहे. पाऊस ‘पडावा’ अशी माझी इच्छा असते. मी पावसाला ‘पडायला’ इच्छीत नाही. मराठी ज्याचे त्याला देते. इंग्रजी अर्थाने आतले असलेले सर्वनाम बाहेरच्या क्रियापदाच्या विभक्तीत उभे करते. ‘आय वाँट दॅट ही शुड कम’ हे विद्यार्थ्याचे वाक्य म्हणजे ‘त्याने यावे असे मला वाटते’ याची प्रामाणिक नक्कल होय. त्याने अर्थ अचूक ओळखला आहे. चुकली ती इंग्रजीची रीत.

मराठीला ही उचल अगदीच अपरिचित आहे असे मात्र समजू नये. ‘तो प्रामाणिक आहे असे मी समजतो’ आणि ‘मी त्याला प्रामाणिक समजतो’ ही दोन्ही वाक्ये आपण बोलतो. दुसऱ्यात आतला ‘तो’ बाहेर येऊन ‘त्याला’ झाला आहे. क्रियापद नसलेल्या लहान विधेयापुरती मराठी ही सवलत देते. पूर्ण क्रियापद आले की ती आवरती घेते. ‘आय बिलीव्ह हिम टु बी ऑनेस्ट’ हे शिकविताना या वाक्याचा आधार घेणे उपयुक्त ठरते. तिसऱ्या प्रकाराचेही तसेच. ‘मी त्याला यायला सांगितले’ यात तो येणार, ‘मी त्याला यायचे कबूल केले’ यात मी येणार, हे मराठी बोलणाऱ्या लहान मुलालाही कळते. ‘प्रॉमिस’ची समजूत पटविण्यास याहून चांगले उदाहरण शोधावे लागत नाही.

5. जी क्रियापदे ही रचना स्वीकारीत नाहीत

‘ही सजेस्टेड मी टु गो’ ही चूक का घडते? कारण ‘त्याने मला जायला सुचविले’ हे मराठी वाक्य निर्दोष आहे. मराठीत ‘सांगणे’, ‘सुचविणे’, ‘समजाविणे’ यांच्या आधी ‘मला’ सारख्याच सहजतेने येते. इंग्रजीत ‘टेल’ हे सर्वनामाला थेट कर्म म्हणून घेते. ‘सजेस्ट’, ‘से’, ‘एक्स्प्लेन’, ‘प्रपोज’ यांना ऐकणाऱ्याकडे जाण्यासाठी ‘टु’ या शब्दयोगीची पायरी लागते. ‘सजेस्टेड टु मी’, ‘सेड टु मी’, ‘एक्स्प्लेन्ड टु मी’. ऐकणारा थेट कर्म होऊ शकत नसल्यामुळे मधली जागा त्याला मिळत नाही. मग ‘दॅट’ने सुरू होणारे उपवाक्य वापरावे लागते. ‘होप’ला तर सर्वनामरूपी कर्मच नको असते, म्हणून ‘आय होप हिम टु कम’ हेही होत नाही.

विद्यार्थ्याला यावरून एक कामचलाऊ कसोटी देता येते. दुसरे क्रियापद झाकून पाहावे. ‘टोल्ड मी’, ‘आस्क्ड मी’ एवढेच उरले तरी त्यात ऐकणारा ‘मी’ हाच अर्थ टिकतो. ‘सजेस्टेड मी’ एवढेच उरले तर सुचविलेली वस्तू ‘मी’च ठरतो. ही कसोटी सर्वत्र पुरी पडत नाही, परंतु नेहमीच्या चुकांपैकी मोठा भाग ती टाळते. उरलेल्यांसाठी कोश पाहण्याची सवय हाच उपाय. हॉर्नबी यांनी 1954 मध्ये इंग्रजी क्रियापदांचे साचे अर्थावर नव्हे, तर त्यांच्यापुढे येणाऱ्या रचनेवर लावून दाखविले, त्यामागील अनुभव हाच होता. एका क्रियापदाचा अर्थ कळला म्हणजे त्याची रचना कळली असे होत नाही.

6. ‘ताना’ आणि साक्षीदार

आतापर्यंतचा विचार शुद्धाशुद्धतेचा झाला. पुढील मुद्दा त्याहून गंभीर आहे, कारण त्यात वाक्य दोन्ही भाषांत शुद्ध असूनही अर्थ हातचा जातो.

अंबरनाथ व बदलापूर येथील औद्योगिक वसाहतींत रासायनिक कारखाने आहेत. अशा एखाद्या कारखान्यात अपघात झाला आणि चौकशीत एका कामगाराने सांगितले, ‘मी त्याला व्हॉल्व्ह बंद करताना पाहिले,’ अशी कल्पना करू. हे वाक्य इंग्रजीत कसे न्यावे? किमान तीन वाटा आहेत. ‘आय सॉ हिम क्लोज द व्हॉल्व्ह’ म्हणजे बंद करण्याची क्रिया आरंभापासून शेवटपर्यंत पाहिली. व्हॉल्व्ह बंद झाला. ‘आय सॉ हिम क्लोजिंग द व्हॉल्व्ह’ म्हणजे क्रिया चालू असताना पाहिले. ती पूर्ण झाली की नाही याबद्दल साक्षीदार काहीच म्हणत नाही. आणि तिसरी वाट अशी, की व्हॉल्व्ह बंद करीत होता तो साक्षीदार स्वतः, आणि ते करीत असता त्याने दुसऱ्याला पाहिले.

मराठीतील ‘ताना’ हे धातुसाधित दुसरा व तिसरा हे दोन्ही अर्थ पोटात घेते, कारण त्याचा कर्ता बाहेरच्या वाक्याचा कर्ताही असू शकतो आणि कर्मही असू शकते. ‘मी त्याला घरी जाताना पाहिले’ यात घरी जाणारा कोण, हे संदर्भाखेरीज ठरत नाही. इंग्रजीत मात्र ‘सॉ हिम’ला चिकटून आलेल्या ‘गोइंग’चा कर्ता सामान्यतः ‘हिम’च. उलटपक्षी, पूर्णता व अपूर्णता यांचा जो भेद इंग्रजी एका प्रत्ययाने करते, तो ‘ताना’ करीत नाही. पूर्ण झालेली क्रिया पाहिल्याचा अर्थ त्यात नाहीच. म्हणजे भाषांतरकाराने ‘क्लोज’ लिहिले तर साक्षीदाराने न सांगितलेली गोष्ट त्याच्या तोंडी घातली जाते. ‘क्लोजिंग’ लिहिले तर कर्ता कोण याची संदिग्धता मिटविल्याची जबाबदारी भाषांतरकाराच्या शिरावर येते. राज्यघटनेच्या 348 व्या अनुच्छेदानुसार उच्च न्यायालयाची भाषा प्राधान्याने इंग्रजी आहे. मराठीत दिलेली साक्ष वर जाते ती या चिंचोळ्या दारातून. एका ‘इंग’वर कोणाची नोकरी, कोणाची भरपाई अवलंबून राहू शकते.

मराठीला हे स्पष्ट बोलता येत नाही असे नाही. ‘तो व्हॉल्व्ह बंद करताना मला दिसला’ असे म्हटले की बंद करणारा ‘तो’ ठरतो. ‘मी व्हॉल्व्ह बंद करताना मला तो दिसला’ असे म्हटले की ‘मी’ ठरतो. ‘त्याने व्हॉल्व्ह बंद केला, ते मी पाहिले’ यात क्रिया पूर्ण झाली. तेव्हा भाषांतरकाराचे पहिले कर्तव्य इंग्रजी शब्द शोधणे हे नसून साक्षीदाराला पुन्हा विचारणे हे आहे.

याच प्रकरणी ‘इंग’च्या आणखी एका वादाचा उल्लेख करावा लागेल. ‘आय डोंट लाइक हिम गोइंग’ म्हणावे की ‘हिज गोइंग’ म्हणावे? फाउलर यांनी पहिल्या रचनेवर कडक टीका केली. येस्पर्सन यांनी इतिहासातील दाखले देऊन तिची बाजू घेतली. आजच्या इंग्रजीत दोन्ही चालतात, ‘हिज’ अधिक औपचारिक. मराठी विद्यार्थ्याला ‘त्याचे जाणे मला आवडत नाही’ हे षष्ठीचे वाक्य सहज येते, म्हणून तो ‘हिज’ चटकन उचलतो. ‘त्याला जाण्यापासून रोखले’ यातील ‘पासून’ त्याला ‘स्टॉप्ड हिम फ्रॉम गोइंग’पर्यंत बिनचूक पोहोचविते. मातृभाषा नेहमीच आड येते असे नाही. पुष्कळदा ती हात धरून नेते.

7. शेजारची सिंधी

या परिसरात मराठीच्या शेजारी नांदणारी सिंधी या प्रश्नाला तिसरेच उत्तर देते. सिंधीत सर्वनाम स्वतंत्र शब्द म्हणून येते, तसेच प्रत्ययाच्या रूपाने क्रियापदालाही जडते. ‘मी त्याला म्हणालो’ या अर्थी ‘मूं हुन खे चयो’ असे सुटे बोलता येते, किंवा ‘चयोमांसि’ या एकाच शब्दात सर्व सामावता येते. त्यातील ‘चयो’ हे भूतकालवाचक धातुसाधित, ‘मां’ हा ‘मी’चा प्रत्यय आणि ‘सि’ हा ‘त्याला’चा. ट्रम्प यांच्या 1872 च्या सिंधी व्याकरणात या प्रत्ययांचे सविस्तर विवेचन आहे आणि ग्रिअर्सन यांच्या भाषापाहणीतही त्यांना महत्त्वाचे स्थान मिळाले. मोकळीक दाखविण्यास मात्र सिंधी ‘हुन खे वञण ॾे’ अशी, म्हणजे आपल्या ‘त्याला जाऊ दे’शी समांतर, रचना वापरते.

म्हणून उल्हासनगरच्या एकाच वर्गात शेजारी बसलेल्या दोन विद्यार्थ्यांच्या घरी ‘टोल्ड हिम’चे रूप एकसारखे नसते. एकाच्या घरी सर्वनाम प्रत्यय होऊन क्रियापदात शिरू शकते, दुसऱ्याच्या घरी ते विभक्ती लावून सुटे राहते. दोघांनाही इंग्रजीत ते क्रियापदाला खेटून, पण सुटे, ठेवावयाचे असते. शिक्षकाने दोन्ही घरांची वाक्ये फळ्यावर शेजारी शेजारी लिहिली, तर इंग्रजीचे वैशिष्ट्य न सांगताच दिसते.

8. उपसंहार

वरील विवेचनाचा सारांश असा. इंग्रजी शब्दक्रमावर चालते. म्हणून ती मधल्या सर्वनामाला एक ठरावीक जागा व एक ठरावीक रूप देते आणि त्याचे अर्थसंबंध क्रियापदाच्या स्वभावावर सोडते. मराठी प्रत्ययांवर चालते. म्हणून ती ‘त्याला’, ‘त्याने’, ‘त्याच्याकडून’, ‘त्याचे’ अशा निरनिराळ्या रूपांनी तेच अर्थसंबंध उघड करते. इंग्रजीतील एका ‘हिम’मागे मराठीतील चार रूपे उभी असतात. विद्यार्थ्याला इंग्रजी साचे पाठ करावयास लावण्यापूर्वी ती चार रूपे त्याच्याच भाषेत ओळखावयास शिकविली, तर पाठांतराचे ओझे पुष्कळ कमी होईल.

दादोबा पांडुरंगांचे मराठी व्याकरण 1836 मध्ये आले, मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ 1911 मध्ये. या दोन्ही ग्रंथकारांच्या समोर इंग्रजी व्याकरणाचा नमुना होता आणि त्याच्या उजेडात त्यांनी मराठी पाहिली. आज उलट दिशेचे काम करावयास हवे: मराठीच्या उजेडात इंग्रजी पाहण्याचे. ‘ही मेड मी टु वेट’ या वाक्याखाली रेघ ओढण्याआधी शिक्षकाने क्षणभर थांबावे आणि हे वाक्य लिहिणाऱ्याने कोणता नियम पाळला, हे स्वतःला विचारावे. तो नियम सापडला, की चूक दुरुस्त करण्याचे निम्मे काम झालेले असते.